वीस ते तीस टक्क्यांचा फरक

वीज कडाडण्याआधी हवेतून स्ट्रीमर धावतात. आयनीभूत हवेचे हे बारीक, निळसर-जांभळे धागे सेकंदाला लाख ते दहा लाख मीटर वेगाने पुढे सरकतात. अशा एका धाग्याची दोन चित्रं माझ्या पडद्यावर शेजारी शेजारी उघडी असतात: एक कॅमेऱ्याने टिपलेलं, दुसरं आम्ही संगणकावर गणिताने काढलेलं. ती जुळतात का ते पाहायचं, एवढंच काम. त्यात आठवडे जातात.

कारण दोन्हीकडे एकच गोष्ट दिसत नसते. संगणक मला इलेक्ट्रॉनांची घनता आणि विद्युत क्षेत्र देतो. कॅमेऱ्याला इलेक्ट्रॉन दिसत नाहीत, त्याला दिसतो तो मुख्यतः नायट्रोजनचा प्रकाश. त्यातली 337 नॅनोमीटरची ठळक रेषा उमटायला इलेक्ट्रॉनकडे निदान 11 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असावी लागते. स्ट्रीमरच्या मागच्या लांब भागात इलेक्ट्रॉन खच्चून भरलेले असतात, पण तिथलं क्षेत्र क्षीण असल्यामुळे त्यांची ऊर्जा तेवढी नसते. तो भाग काळोखात राहतो आणि डोकं तेवढं लखलखतं. शिवाय उत्तेजित रेणू लगेच प्रकाश सोडत नाही, काही नॅनोसेकंद थांबतो, म्हणून डोक्यामागे उजेडाची फिकट रेघ ओढली जाते. कॅमेरा धाग्याच्या आरपार बघतो आणि पुढचा-मागचा सगळा प्रकाश एका प्रतलावर गोळा करतो. गणितात मात्र मधला एक पातळ छेद मिळतो. त्यामुळे मी आधी इलेक्ट्रॉनांवरून प्रकाश काढते, तो दृष्टिरेषेवर बेरीज करून पसरवते आणि मगच रुंदी मोजते. ही पायरी गाळून केलेल्या तुलनेवर माझा विश्वास बसत नाही, आकडे कितीही छान जुळोत.

गणितात जे घालतो, तेही तपासून घ्यावं लागतं. इलेक्ट्रॉन कोणत्या ऊर्जेला कोणत्या रेणूवर आदळला तर काय होण्याची किती शक्यता, याचे तक्ते एलएक्सकॅट या खुल्या संग्रहात मिळतात. दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास नायट्रोजनची कंपनं ऊर्जा गिळतात. ऑक्सिजनचा रेणू इलेक्ट्रॉनला चिकटवून घेतो. 12 च्या थोडं वर ऑक्सिजनचं आयनीभवन सुरू होतं, 15.6 ला नायट्रोजनचं. यातले बरेच तक्ते 1960च्या दशकात आर्थर फेल्प्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेल्या रीतीने तयार झाले आहेत: इलेक्ट्रॉनांच्या थव्याचा मोजलेला वेग आणि विसरण गणितातून निघेपर्यंत तक्त्यात दुरुस्ती करत जायचं. रीत उत्तम आहे. पण तोच तक्ता वापरून तोच वेग काढला आणि ‘मापनाशी जुळला’ असं म्हटलं, तर आपण काहीच तपासलेलं नसतं. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना मी हे सर्वांत आधी सांगते.

स्ट्रीमर ही खरी स्वतंत्र परीक्षा. 2018 साली सहा गटांनी आपापले कोड सारख्याच ठरवलेल्या धन स्ट्रीमरांवर चालवले. जाळी पुरेशी बारीक आणि काळाचे टप्पे पुरेसे लहान ठेवले, तेव्हा उत्तरं चांगली जुळली. म्हणजे समीकरणं नीट सुटतात. ती निसर्गाची आहेत का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी 2021 साली प्रसिद्ध झालेली नेदरलँड्समधली तुलना मी पुन्हा पुन्हा वाचते. आइंडहोव्हनच्या प्रयोगशाळेत 100 मिलिबार दाबाच्या हवेत एकेकटे, दर वेळी सारखेच वाढणारे स्ट्रीमर तयार केले गेले, आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या गटासोबत त्याच मांडणीचं गणित केलं गेलं. आकार जुळले, वाढीची चाल जुळली. पण सारख्याच लांबीला गणितातला वेग 20 ते 30 टक्के कमी निघाला, त्रिज्याही तितकीच लहान.

अशा वेळी हात शिवशिवतात. प्रकाश-आयनीभवन थोडं वाढवलं तर? धन स्ट्रीमर इलेक्ट्रॉनांच्या उलट दिशेने धावतो, म्हणून त्याला पुढे आधीच मोकळे इलेक्ट्रॉन हवे असतात. नायट्रोजनचे अतिनील किरण समोरच्या ऑक्सिजनमधून ते सोडवतात. त्याचा दर वाढवला की वेगावर परिणाम होतोच. पण दुसरा पुरावा नसताना आकडा वाढवणं म्हणजे परीक्षेत उत्तर बघून गणित लिहिणं. त्या शोधनिबंधात एकेक घटक बदलून त्याचा परिणाम किती, ते मांडलं आहे, आणि फरकाच्या काही भागाचं संभाव्य कारण म्हणून बोट ठेवलं आहे ते प्रयोगातल्या हवेच्या तापमानावर. नॅनोसेकंदांची झडप असलेला कॅमेरा असंख्य स्ट्रीमरांच्या क्षणचित्रांतून एकाची वाढ जुळवतो, म्हणून सेकंदाला 50 वेळा विद्युत विसर्जन घडवावं लागतं. त्याने हवा तापते, विरळ होते, दोन टकरींमध्ये इलेक्ट्रॉन जास्त ऊर्जा कमावतो आणि स्ट्रीमर जोरात धावतो. गणितातली हवा थंडच असते.

एवढ्या फरकासाठी इतका जीव का आटवायचा? कारण ढगात सुई ठेवून बघता येत नाही. उटीजवळच्या, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ग्रेप्स-3 दुर्बिणीने 1 डिसेंबर 2014च्या गडगडाटी वादळात वैश्विक किरणांतून येणाऱ्या म्युऑन कणांच्या संख्येत झालेली सुमारे दोन टक्क्यांची घट नोंदवली आणि 2019 मध्ये त्यावरून ढगातला विभव 1.3 अब्ज व्होल्ट असल्याचं जाहीर झालं. म्युऑन मोजले गेले. व्होल्ट सिम्युलेशनने काढले. तिथे सिम्युलेशन हेच मोजण्याचं साधन आहे, आणि कोणत्याही साधनाप्रमाणे तेही आधी पारखून घ्यायला हवं.

सध्या आम्ही विसर्जनांची वारंवारता टप्प्याटप्प्याने कमी करून स्ट्रीमरचा वेग मोजतो आहोत. तापलेली हवा हे कारण असेल, तर मोजलेला वेग उतरून आमच्या गणितातल्या रेषेकडे यायला हवा. नाही आला, तर प्रकाश-आयनीभवनाच्या त्या आकड्यांकडे वळावं लागेल, ज्यांचा मुख्य आधार अजूनही 1970चं मापन आहे.