जनुक-कार्यनोंद

जनुक-कार्यनोंद : जनुकापासून तयार होणारे प्रथिन अथवा आरएनए कोणते कार्य करते, यासंबंधीचे निष्कर्ष ठराविक परिभाषेत व पुराव्यासह नोंदवून ठेवण्याची पद्धती. एकाच क्रियेचे वर्णन निरनिराळे संशोधक निरनिराळ्या शब्दांत करतात. त्यामुळे एका जीवजातीतील माहितीची दुसरीतील माहितीशी तुलना करणे अवघड होते. ही अडचण दूर करण्यासाठी १९९८ मध्ये फळमाशी, यीस्ट व उंदीर यांच्या जनुकांविषयीच्या माहितीसंग्रहांनी ‘जीन ऑन्टॉलॉजी’ ही समाईक परिभाषा तयार करण्यास प्रारंभ केला. २००० मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. तीत रेणवीय कार्य, जैव प्रक्रिया व कोशिकेतील स्थान अशी तीन स्वतंत्र अंगे मानली आहेत.

या भेदाचे महत्त्व ‘बाँबे’ रक्तगटाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये मुंबईतील संशोधनावरून या रक्तगटाचे प्रथम वर्णन केले. तांबड्या रक्तकोशिकांच्या पृष्ठभागावरील शर्करा-शृंखलेला फ्यूकोज जोडले गेले म्हणजे एच प्रतिजन तयार होतो व त्यावरच पुढे ए आणि बी प्रतिजन बनतात. ओ गटात एच तसाच राहतो. बाँबे गटात एच मुळीच तयार होत नाही. त्यामुळे ए किंवा बी प्रतिजनाचे जनुक असूनही ते प्रतिजन बनू शकत नाहीत.

एच प्रतिजनाशी संबंधित एफयूटी-१ हे जनुक १९व्या गुणसूत्रावर, तर एबीओ जनुक ९व्या गुणसूत्रावर असते. एफयूटी-१ ची नोंद करताना कार्य ‘फ्यूकोज जोडणारी एंझाइम-क्रिया’, प्रक्रिया ‘फ्यूकोजयुक्त शर्करा-शृंखलांची निर्मिती’ आणि स्थान ‘गॉल्जी पिंडाचे पटल’ असे लिहावे लागते. ‘रक्तगट ठरविणे’ हे त्याचे रेणवीय कार्य नव्हे, तो त्या कार्याचा दृश्य परिणाम होय. जनुक निकामी झाल्यावर जे लक्षण दिसते त्यावरून जनुकाची आवश्यकता कळते, प्रत्यक्ष कार्य कळतेच असे नाही.

नियंत्रणाच्या नोंदीत हाच विवेक लागतो. एखाद्या प्रक्रियेचा वेग, वारंवारता किंवा व्याप्ती बदलणारा घटक हाच तिचा नियंत्रक होय. एश्चेरिकिया कोलाय या जंतूतील लॅक-आय जनुकाचे प्रथिन डीएनएला चिकटून लॅक्टोजविषयक जनुकांचे प्रतिलेखन रोखते. म्हणून त्याची नोंद ‘प्रतिलेखनाचे ऋण नियंत्रण’ अशी होते, ‘लॅक्टोजचे विघटन’ अशी नव्हे. उलट, एफयूटी-१ ए-एंझाइमाला लागणारा आधारपदार्थ पुरविते. त्यावरून त्यास ए-एंझाइमाचे नियंत्रक म्हणता येत नाही.

प्रत्येक नोंदीसोबत मूळ शोधनिबंध व पुराव्याचा प्रकार (प्रत्यक्ष प्रयोग, उत्परिवर्तन, अनुक्रमातील साम्य, संगणकीय अनुमान इ.) दिलेला असतो. बहुसंख्य नोंदी संगणकीय अनुमानाने होत असल्याने मूळ नोंदीतील चूक साम्याच्या आधारे असंख्य जनुकांपर्यंत पसरू शकते. एफयूटी-१ व एफयूटी-२ यांची एंझाइम-क्रिया सारखीच असली, तरी पहिले तांबड्या कोशिकांच्या पूर्वगामी कोशिकांत आणि दुसरे लाळेसारखे स्राव निर्माण करणाऱ्या ऊतकांत कार्य करते. केवळ साम्यावरून एकाची भूमिका दुसऱ्यास लावणे चुकीचे ठरेल.

नोंदीतील संदिग्धतेचे परिणाम रुग्णालयापर्यंत पोहोचतात. केवळ ए व बी प्रतिपिंडांनी केलेल्या चाचणीत बाँबे गटाचे रक्त ओ गटाचेच भासते. परंतु अशा व्यक्तीच्या रक्तरसातील एच-विरोधी प्रतिपिंडामुळे तिला दिलेल्या ओ रक्ताच्या कोशिका फुटतात व प्राण धोक्यात येतात. भारतात या गटाचे प्रमाण ढोबळमानाने १०,००० व्यक्तींत १ असे मानतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ८ लाख वस्तीच्या मीरा-भाईंदर शहरात या हिशेबाने अशा सुमारे ८० व्यक्ती असतील. त्यांना बाँबे गटाचेच रक्त चालते. ‘ए व बी प्रतिजन आढळले नाहीत’ हे निरीक्षण आणि ‘रक्त ओ गटाचे आहे’ हा निष्कर्ष यांतील अंतर नोंदीत राखणे म्हणूनच अगत्याचे आहे. जनुक-कार्यनोंदीचे मूळ तत्त्वही हेच होय.