नोंदी कमी करण्याची रीत

नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाची ख्याती पाण्यामुळे झाली, हे सर्वश्रुत आहे. परंतु ते पाणी जितके डोंगरउतारावरच्या सलग समतल चरांनी अडविले, तितकेच वहीत लिहिलेल्या आकड्यांनी राखले, याकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. वर्षाकाठी सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पावसावर भागविणाऱ्या या गावात पावसाळा सरला की पर्जन्यमापकाचे आणि निरीक्षण विहिरींच्या पातळीचे आकडे समोर ठेवून पाण्याचा ताळेबंद मांडतात, माणसांच्या व जनावरांच्या पिण्याची तरतूद आधी बाजूला काढतात, आणि उरलेल्या पाण्यात रब्बीची कोणती पिके घ्यावयाची याचा निर्णय ग्रामसभेत करतात. उसाला मनाई आणि शेतीसाठी विंधन विहिरींना बंदी, हे निर्बंध वर्षानुवर्षे पाळले गेले, याचे एक मोठे कारण असे की ज्या आकड्यांवर ते उभे होते त्या आकड्यांविषयी गावात संशय नव्हता.

ही रीत आपल्या शिवारात आणू पाहणाऱ्या काही गावांसाठी विहिरींच्या पातळीची नोंदवही ब्राउझरमध्ये उघडेल अशा रूपात तयार करण्याचे काम आमच्या लहानशा गटाने हाती घेतले आहे, आणि त्यातील पडद्याचा भाग, म्हणजे माणसाला जे दिसते व ज्यावर त्याचे बोट पडते तेवढा भाग, माझ्याकडे आहे. या कामातील एकाच कृतीविषयी येथे विस्ताराने लिहावयाचे आहे: अनेक नोंदी एकदम खोडण्याची कृती. नवी नोंद करण्याचा पडदा कसा असावा यावर पुष्कळ खल होतो. खोडण्याच्या पडद्याला मात्र शेवटच्या दिवशी एका लाल बटणाची जागा दिली जाते, आणि दप्तराची विश्वासार्हता प्रायः त्याच बटणाखाली निसटते.

अनेक नोंदी खोडण्याची वेळ मुळात का येते, ते आधी सांगितले पाहिजे. विहिरीवर उभा असलेला कार्यकर्ता टेप खाली सोडतो, पाणी जमिनीपासून किती मीटर खोल आहे ते वाचतो, आणि मोबाइलवर आकडा भरून ‘जतन करा’ दाबतो. डोंगराच्या आड रेंज क्षीण असते. आकडा सर्व्हरवर पोचतो, पण पोचल्याची पावती परत येत नाही, म्हणून तो पुन्हा दाबतो, आणि कधी तिसऱ्यांदाही. परिणामी एकाच विहिरीची, एकाच तारखेची, एकाच आकड्याची नोंद दोनतीनदा चढते. प्रत्येक नोंद पाठविताना तिच्यासोबत मोबाइलनेच एक खूण जोडली, तर सर्व्हर पुनरुक्ती ओळखून ती दारातच परतवू शकतो, आणि खरा उपाय तोच. तथापि त्या उपायापूर्वी साचलेला पसारा कोणीतरी निवडून दूर करावाच लागतो, आणि शेकडो ओळी एकेक करून खोडणे कोणालाही परवडत नाही.

आता तो पडदा जवळून पाहू. प्रत्येक ओळीच्या आरंभी एक लहान चौकट असते, आणि तक्त्याच्या शीर्षभागी आणखी एक. वरची चौकट टिक केली की खालच्या सगळ्या टिक होतात. येथपर्यंत सारे सरळ आहे. पण दहा ओळींपैकी चारच निवडल्या असतील तर वरच्या चौकटीने काय दाखवावे? रिकामी दाखविली तर काहीच निवडले नाही असा भास होतो, आणि भरलेली दाखविली तर सगळे निवडले असा. म्हणून तिला तिसरी, आडव्या रेघेची अवस्था द्यावी लागते, आणि जो कार्यकर्ता दृष्टिहीन असल्यामुळे पडदा ऐकून काम करतो, त्याच्या वाचकयंत्रालाही ‘अंशतः निवडलेले’ असे उच्चारता यावे अशी तजवीज करावी लागते.

याहून गंभीर प्रश्न पानांचा आहे. समजा, एका पानावर ५० ओळी दिसतात, आणि लावलेल्या फिल्टरमध्ये एकंदर ४३० नोंदी बसतात. वरची चौकट टिक करणाऱ्याच्या मनात या ५० असतात की त्या ४३०? यंत्राने मनाने ठरवून चालत नाही, ‘या पानावरील ५० नोंदी निवडल्या आहेत, फिल्टरमधील सर्व ४३० निवडावयाच्या का?’ असे विचारून दुसरी पायरी वेगळी चढावयास लावणे हेच योग्य. आणि ४३० निवडल्यानंतरही सर्व्हरला केवळ ‘या फिल्टरात बसेल ते सर्व खोडावे’ असा हुकूम पाठविणे धोक्याचे असते, कारण माणसाने यादी पाहिली तो क्षण आणि त्याने बटण दाबले तो क्षण यांच्या दरम्यान कोणी तिसऱ्याच विहिरीवरून नवी नोंद पाठविली आणि ती त्याच फिल्टरात बसली, तर कोणाच्याही नजरेस न पडलेली नोंद नाहीशी होते. जे पाहिले तेवढेच खोडले जावे, यासाठी हुकुमासोबत त्या विशिष्ट नोंदींचे क्रमांक गेले पाहिजेत. हाच न्याय पडद्याच्या आतही लागू आहे: निवड लक्षात ठेवावयाची ती नोंदीच्या स्थायी क्रमांकाने, ‘वरून तिसरी ओळ’ अशा स्थानाने कदापि नव्हे, कारण तारखेऐवजी गावाच्या नावाने क्रम लावला की तिसऱ्या स्थानी भलतीच विहीर येऊन बसते.

निवडीच्या या खटाटोपात एक अडचण अशी आहे की जी कोणत्याही यंत्राला सुटत नाही. एका विहिरीची सकाळची नोंद ७.४० मीटर आहे, आणि त्याच तारखेची दुपारची, पंप चालून गेल्यानंतरची, ९.१० मीटर आहे. ‘एकच विहीर, एकच तारीख’ असा फिल्टर लावला तर खऱ्या पुनरुक्तीच्या शेजारी ही जोडीही येते, आणि दिसावयास ती पुनरुक्तीसारखीच असते. वस्तुतः त्या दोन आकड्यांतील अंतर हेच त्या विहिरीविषयीचे सर्वांत मोलाचे ज्ञान आहे, कारण उपसा झाल्यावर पाणी किती उतरते ते त्यावरूनच कळते. यास्तव खोडण्यापूर्वीच्या यादीत विहीर आणि तारीख एवढेच न दाखविता वेळ, खोली आणि नोंद करणाऱ्याची खूण ही शेजारीशेजारी मांडली पाहिजेत.

हिवरे बाजारात या पडद्याचे कागदावर काढलेले चित्र एका वयोवृद्ध शेतकऱ्यासमोर ठेवले असता त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि एवढेच विचारले, “हे खोडलं ते कुणी खोडलं, आन् का खोडलं, ते कुठं दिसतंय?” चित्रात बटण होते, संख्या होती, ‘तुमची खात्री आहे का?’ असा प्रश्नही होता. त्यांना हवे होते ते नव्हते. खात्री विचारणारी ती चौकट आपल्या सवयीची झाली आहे, आणि सवयीची झाल्यामुळेच निरुपयोगी; न वाचता ‘होय’ दाबण्याचा सराव बोटांना केव्हाच जडलेला असतो. त्या प्रश्नानंतर आम्ही ती चौकट पार बदलली. आता तीत ‘होय’ आणि ‘नाही’ असे शब्दच नाहीत. ‘४ विहिरींच्या ३७ नोंदी खोडा’ असे बटणावरच लिहिलेले असते, वर त्या विहिरींची नावे आणि तारखांचा अवधी असतो, आणि कारणाचा रकाना भरल्यावाचून बटण जागे होत नाही.

हुकूम सुटल्यानंतरचा प्रवासही निर्धोक नसतो. ३७ नोंदींसाठी ३७ वेगवेगळ्या मागण्या सर्व्हरकडे पाठविल्या, आणि विसाव्या मागणीनंतर रेंज गेली, तर अर्धी यादी खोडलेली आणि अर्धी शिल्लक, अशी त्रिशंकू अवस्था उद्भवते. म्हणून सर्व क्रमांकांची एकच यादी एकाच मागणीतून पाठवावी, आणि डेटाबेसने ती एकाच व्यवहारात, म्हणजे एक तर सगळी किंवा मुळीच नाही, अशी अमलात आणावी. येथे एक तांत्रिक खाच आहे: वेबच्या एचटीटीपी या संकेतनियमांत खोडण्यासाठी ‘डिलीट’ हा स्वतंत्र प्रकार आहे, पण तो मुळात एका पत्त्यावरील एका वस्तूसाठी योजलेला असून, त्याच्यासोबत जोडलेल्या मजकुराला सर्वमान्य अर्थ नाही, असे २०२२ सालच्या आवृत्तीत स्पष्ट म्हटले आहे, वाटेतला एखादा सर्व्हर तो मजकूर टाकूनही देऊ शकतो. परिणामी अनेक क्रमांकांची यादी ‘पोस्ट’ प्रकाराने पाठविणे अधिक सुरक्षित ठरते. उत्तर येईपर्यंत ओळी पडद्यावरून हटवू नयेत, त्या फिक्या कराव्यात. आणि मागणी फेटाळली गेली तर कोणत्या नोंदीमुळे फेटाळली ते त्या ओळीपाशीच लिहावे.

पण खोडणे म्हणजे नेमके काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या महसुली दप्तराने संगणकाच्या कितीतरी आधी देऊन ठेवले आहे. सातबारावरील खातेदार मयत झाला किंवा जमीन विकून मोकळा झाला, तर त्याचे नाव खरवडून काढीत नसत; त्याला कंस करीत आणि त्याशेजारी फेरफाराचा क्रमांक लिहीत, जेणेकरून त्या क्रमांकाच्या आधारे फेरफार नोंदवही उघडून कारण, तारीख आणि मंजुरी वाचता यावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोंद आधी धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, आणि मग ती प्रमाणित होते. नोंद धरणारा एक आणि प्रमाणित करणारा दुसरा. २०२० साली सातबाराचा नमुना बदलला तेव्हा अशा नावावर आडवी रेष आली, परंतु रेषेखालचे नाव वाचता येतेच. डेटाबेसमध्ये आम्ही हेच करतो: ओळ पुसत नाही, खोडल्याची वेळ, खोडणाऱ्याची ओळख आणि कारण यांचे रकाने भरतो, आणि चालू यादीतून ती ओळ वगळतो. त्यामुळे पडद्यावर ‘पूर्ववत करा’ हे बटण काही क्षण दाखविता येते, आणि ते क्षण सरल्यावरही ‘खोडलेल्या नोंदी’ या यादीतून कोणीही त्या वाचू शकतो.

सामुदायिक खोडणीचा एक मोठा प्रसंग तर अलीकडेच साऱ्या राज्याने पाहिला. १ एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर सुरू झाली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम गावोगाव हाती घेतले गेले, आणि पुढे तगाई, बंडिंग, सावकारी कर्ज अशा केव्हाच अर्थ गमावलेल्या जुन्या बोजांची पाळी आली. या कामाची सुरुवात चावडी वाचनाने करावयाची होती, हे मला विशेष अर्थपूर्ण वाटते. नावे आधी गावासमोर वाचावयाची, चुकीचे असेल तर तेथेच कोणी बोलावे, आणि मगच लेखणी चालवावयाची, हा क्रम आहे. आमच्या पडद्यावरील पुष्टीची चौकट त्याच्या तुलनेत फार दुबळी आहे, कारण तिच्यापुढे एकटाच माणूस बसलेला असतो.

आणि यादीतून नावे कमी होण्याचा सर्वांत बोलका दाखला तर हिवरे बाजाराचाच आहे. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि १९९४ साली गाव आदर्श गाव योजनेत आले. १९९५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची संख्या १६८ होती, ती २०१० पर्यंत ३ वर उतरली. कोणत्याही कचेरीत बसून, एक चौकट टिक करून, १६५ नावे एका क्षणात वगळता आली असती, आणि कागदावरचा आकडा तंतोतंत हाच दिसला असता. परंतु येथे आधी चर खोदले गेले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली गेली, विहिरींना पाणी आले, पोटासाठी बाहेर गेलेली कुटुंबे परतली, आणि त्यानंतर नावे कमी झाली. वस्तुस्थिती बदलल्यामुळे नोंद खोडली जाणे आणि नोंद खोडून वस्तुस्थिती बदलल्याचा देखावा करणे, या दोहोंत पडद्यावर तिळमात्र फरक दिसत नाही. तो फरक केवळ कारणाच्या रकान्यात आणि ते कारण ऐकून ‘हे खरे आहे’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांत असतो.

म्हणून आमच्या नोंदवहीत आम्ही दोन नियम पक्के केले आहेत. पहिला असा की एका वेळी एका गावाच्या ठराविक मर्यादेपेक्षा अधिक नोंदी खोडावयाच्या असतील, तर निवडणारा एक आणि मंजुरी देणारा दुसरा असला पाहिजे, आणि ती यादी मंजुरीपूर्वी काही दिवस गावातील प्रत्येक नोंदकर्त्याला दिसली पाहिजे. दुसरा असा की ग्रामसभेने एखाद्या वर्षाचा ताळेबंद मान्य केला, की त्या वर्षाच्या नोंदींसमोरची चौकट बंद होते; त्यानंतर चूक सापडली तर जुनी ओळ तशीच ठेवून दुरुस्तीची नवी ओळ लिहावयाची. या दोन्ही नियमांनी काम मंदावते, हे मान्यच आहे, आणि काम वेगाने उरकण्यासाठीच तर संगणक आणला, असा आक्षेपही आमच्याकडे आला. त्यावर माझे म्हणणे एवढेच आहे की वेग हवा तो आकडा विहिरीवरून वहीत येताना. वहीतून आकडा जाताना मात्र सबंध गावाला हरकत घेण्याइतका अवकाश मिळाला पाहिजे, कारण त्याच आकड्याच्या भरवशावर कोणीतरी आपल्या रानात या वर्षी गहू न पेरण्याचे कबूल केलेले असते.