उघड्यावरची न्हाणी

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाने औसा तालुक्यातलं किल्लारी आणि भोवतालची गावं कोसळली. आदल्या रात्रीच गणपती विसर्जन करून माणसं निजली होती. वाचलेल्यांचे पुढचे कित्येक महिने पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत गेले. अशा ठिकाणी पाणी टँकरने येतं, धान्य ट्रकने येतं. आडोसा मात्र कुणी आणून देत नाही. बाप्या माणूस उघड्यावर दोन तांबे ओतून घेतो. बाईला अंधार असेतो उरकावं लागतं.

आजही मराठवाड्यातली ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन निघतात आणि चार-पाच महिने कोपीत राहतात. वारी असते, कॉलेजांची श्रमसंस्कार शिबिरं असतात, खरोश्याच्या लेण्यांकडे मुक्कामाला जाणारी पोरं असतात. या सगळ्यांसाठी थोडक्या पैशांत उचलून नेता येईल असा शॉवर घरीच करता येतो, आणि तो प्रत्येक बिऱ्हाडाबरोबर असावा असं मला मनापासून वाटतं.

वीस लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन घ्या. बुडाजवळ भोक पाडून रबरी वायसरसह टँक निप्पल आवळून बसवा, त्याला तोटी, तोटीला हातभर नळी आणि नळीच्या टोकाला झारीचं तोंड. ते नसेल तर बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या सुईने पंचवीसेक भोकं पाडा. सुई आतून बाहेर घालू नका, बाहेरून आत घाला. वितळलेल्या प्लॅस्टिकची कड मग आतल्या बाजूला राहते. ती ब्लेडने तासली की धार सरळ पडते. कॅनचं झाकण सैल ठेवा. वरून हवा शिरली नाही, तर तोटी पूर्ण उघडूनही पाणी गचके खात थांबतं आणि माणूस उगाच भोकं मोठी करत बसतो.

धारेला जोर उंचीतून येतो. कॅनमधलं पाणी भोकांपेक्षा मीटरभर वर असलं, तर एक मिलिमीटरच्या पंचवीस भोकांतून मिनिटाला तीनेक लिटर पाणी येतं. अंग भिजवा, तोटी बंद करून साबण लावा, पुन्हा उघडा. आठ-दहा लिटरांत आंघोळ होते. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली. तो उन्हाळा काढलेल्यांना या हिशेबाचं मोल सांगायला नको. मात्र भरलेला कॅन वीस किलोंचा असतो. तो बारीक फांदीला टांगू नका, तीन बल्ल्यांची तिकाटी करून घट्ट बांधा.

कॅनला बाहेरून काळा रंग देऊन सकाळी दहाला उन्हात आडवा टाकला, तर तिसऱ्या प्रहरी पाणी कोमट मिळतं. पहाटे फडावर जाणारीला याचा उपयोग नाही. तिने चुलीवरचं पाणी हाताला सोसेल इतकं थंड विसणून मगच भरावं. उकळतं पाणी ओतलं की कॅन मऊ पडतो आणि निप्पल सुटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सोयाबीन-तुरीच्या या पट्ट्यात घरोघरी पाठीवरचा फवारणी पंप असतो. सोळा लिटरची टाकी आणि दाबाची सोय आयती, म्हणून तोच वापरावा असं मनात येतं. कोरा पंप आणून तो आंघोळीसाठीच राखलात तर त्यासारखं साधन नाही. पण एकदाही औषध भरलेला पंप किंवा औषधाचा रिकामा कॅन कितीही विसळला तरी वापरू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली. हे विष कातडीतूनही शरीरात जातं.

आडोशाला चार बांबू आणि ताडपत्री पुरते. साडी लावू नका. ओली झाली की पारदर्शक होते. ताडपत्री जमिनीपर्यंत टेकवा, आणि आत कपडे अडकवायला दोरी बांधा, नाहीतर ओल्या अंगाने बाहेर हात काढावा लागतो. पायाखाली फरशीचा तुकडा किंवा सपाट दगड हवा.

सांडपाण्याचं उत्तर नांदेड जिल्ह्यात सापडतं. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून गटारं आणि डास हटवले. मुक्काम महिनाभराचा असेल तर आडोशाच्या उताराला कमरेइतका खड्डा घ्या, खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे भरा. विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर खड्डा त्यापासून चांगला लांब घ्या, आणि निघताना बुजवून टाका.