छातीतलं पाणी आणि जुनी नोकरी

'छातीत पाणी झालंय' असं डॉक्टरांनी सांगितलं, की आपल्याकडे पहिला विचार येतो तो क्षयाचा. तो चुकीचा नाही. भारतात या पाण्याचं एक मोठं कारण क्षय हेच आहे. पण साठी ओलांडलेल्या माणसाचा असा एक्स-रे समोर आला, की क्ष-किरण तज्ज्ञ म्हणून मी आणखी एक प्रश्न विचारतो : 'पूर्वी तुम्ही काय काम करत होता?'

या प्रश्नामागे ॲस्बेस्टॉस आहे. सिमेंटचे पत्रे, पाइप, ब्रेक लायनिंग, बॉयलरवरचं वेष्टन यांत वापरलं गेलेलं हे तंतुमय खनिज. कापता-घासताना त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे आत जातात आणि फुप्फुसाभोवतीच्या पातळ आवरणापर्यंत पोचतात. या आवरणाच्या कर्करोगाला मेसोथेलिओमा म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतले ३३ रुग्ण डॉ. वॅगनर आणि सहकाऱ्यांनी १९६० साली जगापुढे मांडले, तेव्हा हे नातं ठळक झालं. त्यांत खाणीत कधीच न उतरलेले, नुसते आसपास राहिलेले लोकही होते. तंतू आत गेल्यापासून रोग दिसेपर्यंत बहुधा ३० ते ४० वर्षं जातात. तोवर माणूस निवृत्त झालेला असतो, कारखाना विसरलेला असतो.

मग तपासण्या काय सांगतात? साध्या एक्स-रेत बहुधा एका बाजूचं पाणी दिसतं. कधी आवरणावर चुन्यासारखे चट्टे दिसतात. हे चट्टे म्हणजे कर्करोग नव्हे. पूर्वी ॲस्बेस्टॉसशी संबंध आल्याची ती खूण असू शकते. पाणी नेमकं कुठे आहे आणि सुई कुठून घालावी, हे सोनोग्राफी दाखवते. खरी मदत होते ती शिरेतून औषध देऊन केलेल्या सीटी स्कॅनची. आवरण १ सेंटिमीटरहून जाड झालंय, गाठीगाठींचं झालंय, हृदयाकडच्या बाजूलाही पसरलंय, फुप्फुसाला चहूबाजूंनी आवळतंय, असं दिसलं की संशय बळावतो. रोग छातीच्या भिंतीत किंवा श्वासपटलात शिरलाय का, हे एमआरआयवर अधिक स्पष्ट होतं. शरीरात इतरत्र पसरलाय का, यासाठी पेट स्कॅन. पण क्षयाची सूजही त्यावर चमकते.

म्हणून नुसत्या चित्रावर निदानाचा शिक्का मारता येत नाही. काढलेल्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडतीलच असंही नाही. आवरणाचा तुकडा काढून तपासावा लागतो. तो कुठून घ्यायचा, हे मात्र चित्र सांगतं.

ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर ठेवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. पण सुट्या कंत्राटावर पत्रे कापणाऱ्याची, किंवा नवऱ्याचे धुळीने भरलेले कपडे झटकून धुणाऱ्या बाईची नोंद कोण ठेवणार?

ती तुम्हीच सांगायला हवी. क्षयाची औषधं घेऊनही पाणी पुन्हा भरत असेल, दम लागत असेल, छाती दुखत असेल, तर महिनोन्महिने वाट पाहू नका. सीटी स्कॅन आणि तुकड्याच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि चाळीस वर्षांपूर्वीचं काम आठवून सांगा, मग ते चार-सहा महिन्यांचंच का असेना. एक्स-रेत पाणी दिसतं, नोकरी दिसत नाही.