आगबोटीच्या यंत्राचा नमुना



धान्याच्या व्यवहारात 'नमुना' ह्या शब्दाचे मोल किती, हे आपणांस निराळे सांगावयास नको. शंभर पोत्यांचा सौदा मूठभर दाण्यांवर ठरतो. त्या मुठीत निवडून ठेवलेले दाणे घातले, तर आज सौदा होईल, परंतु उद्या पत जाईल. मोठ्या वस्तूची जी लहान प्रतिकृती करतात, तिलाही आपण मराठीत नमुनाच म्हणतो. जुन्या आगबोटींच्या वाफेच्या यंत्रांचे असे मापास माप जुळणारे नमुने जाणते कारागीर घडवितात. त्यांविषयी थोडी माहिती येथे देण्याचे योजिले आहे. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या मंठाळच्या अडत्यास आगबोटीशी काय कर्तव्य, अशी शंका कोणास येईल. तिचे उत्तर आपल्या शेजारच्या सोलापुरात आहे.

सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद ह्यांनी नरोत्तम मोरारजी आदि सहकाऱ्यांसह १९१९ साली ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून 'लॉयल्टी' नावाची आगबोट विकत घेतली. त्यावरूनच कंपनीस 'सिंदिया' हे नाव पडले. ५ एप्रिल १९१९ रोजी ती आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. परकीय कंपन्यांचा मक्ता असलेल्या सागरी वाहतुकीत हिंदी व्यापाऱ्यांनी घेतलेली ती मोठी उडी होती. त्या दिवसाची आठवण म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून १९६४ पासून पाळला जातो. ही बोट मूळची १८९१ सालची, कॅनडाच्या कंपनीची 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. तिला दोन मळसूत्री पंखे होते आणि ते फिरविण्यास तिहेरी प्रसरणाची दोन यंत्रे होती. १९२३ साली मुंबईतच ती मोडीत निघाली. ज्या यंत्रांनी आपल्या व्यापाऱ्यांचा ध्वज लंडनपर्यंत नेला, ती यंत्रे चालताना पाहण्याची सोय त्यानंतर उरली नाही. छायाचित्र आकार दाखविते, नकाशा मापे सांगतो; परंतु चाल दाखवावयास नमुनाच लागतो.

आता 'तिहेरी प्रसरण' म्हणजे काय ते पाहू. बॉयलरमधून येणारी वाफ भारी दाबाची असते. तिने दट्ट्या एकदा ढकलला म्हणजे तिची सारी शक्ती संपत नाही. म्हणून तीच वाफ दुसऱ्या, अधिक रुंद नळकांड्यात आणि तेथून तिसऱ्या, सर्वांत रुंद नळकांड्यात सोडतात. दाब उतरत जातो, म्हणून दट्ट्याचे क्षेत्र वाढवीत न्यावे लागते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 'लिबर्टी' जातीच्या २,७१० बोटी बांधल्या. त्यांच्या यंत्रांत तीन नळकांड्यांचे व्यास अनुक्रमे २४½, ३७ आणि ७० इंच होते व दट्ट्याची धाव ४८ इंच होती. शेवटच्या दट्ट्याचे क्षेत्र पहिल्याच्या सुमारे आठपट भरते. शेवटी उरलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करीत आणि ते बॉयलरला परत देत. कारण भर समुद्रात गोडे पाणी मिळत नाही आणि खाऱ्या पाण्याने बॉयलरमध्ये मिठाचा थर बसतो. एकाच वाफेकडून तीनदा काम घेऊन तिचे पाणी पुन्हा जमेस धरणारे हे यंत्र काटकसरी व्यापाऱ्यास पटावे असेच आहे.

नमुना करावयाचा तो प्रमाणाने, आणि येथे हिशेबाची एक गंमत आहे. फुटाला इंच, म्हणजे एक बारांश प्रमाण घेतले, तर लांबी बारावा हिस्सा होते. ७० इंचांचे नळकांडे पावणेसहा इंचांहून किंचित मोठे होते, ४८ इंचांची धाव ४ इंचांवर येते. वजन मात्र बाराव्या हिश्शावर थांबत नाही. लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही बारापट घटल्यामुळे वजन बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे १,७२८ पटींनी घटते. लिबर्टी बोटीचे सुमारे १३५ टनांचे यंत्र ह्या प्रमाणात सत्तर-ऐंशी किलोंवर, म्हणजे क्विंटलच्या पोत्याहूनही खाली येते. प्रमाण आणखी निम्मे केले, तर तो नमुना जेमतेम नऊ-दहा किलोंचा होतो.

परंतु सर्वच गोष्टी ह्या हिशेबाने लहान होत नाहीत. १७६३-६४ च्या सुमारास ग्लासगो विद्यापीठात न्यूकोमेनच्या पाणी उपसणाऱ्या यंत्राचा एक नमुना जेम्स वॉट ह्यांच्याकडे दुरुस्तीस आला. तो नीट केला, तरी काही ठोके देऊन थांबे. वॉटनी कारण शोधले. नळकांडे लहान झाले म्हणजे आतील जागेच्या मानाने धातूचा पृष्ठभाग अधिक पडतो आणि थंड धातूवर वाफ वाया जाते. विचार करता मोठ्या यंत्रातही हीच नासाडी चालू आहे, असे त्यांच्या ध्यानी आले. नळकांडे गरमच ठेवून वाफ थंड करण्याचे भांडे वेगळे करण्याची युक्ती त्यांना १७६५ साली सुचली आणि १७६९ साली त्यांनी तिचा हक्क नोंदविला. पुढील आगबोटींची वाटचाल ह्या युक्तीवर झाली. तो नमुना ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात जपून ठेवला आहे. खऱ्या नमुन्याने मूळ मालातील खोट दाखवून दिली, ती अशी.

आपल्या मुंबईनेही ही विद्या लवकर हस्तगत केली. जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्यातील आर्देशिर खरशेटजी ह्यांनी १८३३ साली 'इंडस' नावाची ६० टनांची बोट बांधून तीत वाफेचे यंत्र बसविले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस सभासद करून घेतले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्याच घराण्यातील जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण जहाजबांधणी शिकण्यास इंग्लंडला गेले. लंडनमधील प्रदर्शनगृहांत मांडलेली यंत्रे व नमुने पाहून त्यांविषयी त्यांनी १८४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वृत्तांतात लिहिले. नमुना हे शिकणाऱ्याचे पुस्तक आहे, हे त्यांस कळले होते.

चांगला नमुना करणारा कारागीर प्रथम मूळ नकाशे मिळवितो. लाकडाचे साचे करून बीड, पितळ वा कासे ह्यांचे ओतकाम करवितो, लेथवर एकेक भाग कातून घेतो. मुळात झाकणास जितके बोल्ट, तितकेच नमुन्यास. झडपा मुळात ज्या क्रमाने उघडतात त्याच क्रमाने येथेही उघडल्या पाहिजेत. अशा कामात वर्षेच्या वर्षे जातात. पुष्कळदा हे नमुने वाफेऐवजी दाबलेल्या हवेवर चालवितात, कारण बॉयलर लहान असला तरी फुटण्याचा धोका लहान नसतो. मोठे यंत्र मिनिटास ७६ फेरे संथपणे घेई. नमुनाही तसाच संथ चालला, तर कारागिराचा हात खरा. केवळ चकचकाटासाठी मुळात नसलेले पितळ चढविणे म्हणजे मुठीत निवडक दाणे घालणेच होय.

सॅन फ्रान्सिस्को येथे १९४३ सालची 'जेरेमाया ओब्रायन' ही लिबर्टी बोट यंत्रासह चालू स्थितीत राखली आहे. असे भाग्य थोड्याच बोटींच्या वाट्यास येते. बाकीच्यांची यंत्रे टनाच्या भावाने गेली. भंगाराच्या काट्यावर लोखंडाचे वजन होते, त्यात घातलेल्या बुद्धीचे होत नाही.

ही गोष्ट आगबोटींपुरतीच नाही. आपल्या तालुक्यांतून पिठाच्या व डाळीच्या गिरण्यांची तेलावर चालणारी जुनी इंजिने वीज आल्यावर बंद पडली आणि एकेक करून भंगारात जात आहेत. त्यांच्या बळावर आपल्या वडिलांनी धंदे उभे केले. तेव्हा सभासदांस माझी विनंती एवढीच की, असे इंजिन विकण्यापूर्वी त्याची मापे टिपून घ्यावीत, छायाचित्रे काढावीत आणि ते चालविणारा वृद्ध मिस्त्री हयात असेल, तर त्यास चार प्रश्न विचारून उत्तरे लिहून ठेवावीत. आपल्या घरांतील जी मुले-मुली यंत्रशास्त्र शिकत आहेत, त्यांना त्या मापांवरून एक बारांश प्रमाणाचा नमुना करावयास आपल्या संघाने साहित्याचा खर्च द्यावा. खर्च फार येणार नाही, आणि तो नमुना एखाद्या शाळेत ठेवला, तर ते यंत्र कसे चाले हे पुढच्या पिढीस हाताने फिरवून पाहता येईल.