ऑफर लेटर हातात आलं, आता?

कॅम्पस मुलाखतींचा हंगाम आला की नाशिकच्या घराघरांत आउटसोर्सिंग कंपन्यांबद्दल ठाम मतं ऐकू येतात. त्यातली काही चुकीची आहेत आणि नुकसान मुलांचं होतं.

‘नाशकात आयटी नाहीच, पुण्याला जावंच लागतं.’
पुण्याच्या हिंजवडीशी तुलना नको, पण २००५ साली सुरू झालेली ईएसडीएस ही आयटी कंपनी नाशिकच्या सातपूरची आहे, विंजिट ही कंपनीही नाशिकचीच. डब्ल्यूएनएसचंही केंद्र इथं आहे. ही कंपनी १९९६ मध्ये ब्रिटिश एअरवेजचं बॅक ऑफिस म्हणून सुरू झाली. हिशेब, विमा अशी कामं हा तिचा पाया. ते काम हलकं नाही, पण ज्याला कोडिंगच करायचंय त्यानं मुलाखतीतच भूमिका विचारून घ्यावी. नाशकातच राहिलं तर घरचं जेवण आणि वाचलेलं भाडं हा मोठा फायदा. खरा तोटा पुढं कळतो: कंपन्या मोजक्या, त्यामुळे पगारवाढीसाठी नोकरी बदलायची तर अनेकदा शहरही बदलावं लागतं.

‘रात्रपाळी अटळ आहे.’
ते ग्राहक कुठला यावर ठरतं. उन्हाळ्यात लंडनला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचा दीड असतो. न्यूयॉर्कला नऊ वाजतात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा. म्हणजे ब्रिटिश ग्राहकाचं काम दुपारी सुरू होतं, अमेरिकी ग्राहकाचं रात्रीत जातं.

‘बेंचवर बसून फुकट पगार.’
बेंच म्हणजे हाती प्रकल्प नसलेला काळ. आउटसोर्सिंग कंपनी बहुतेक वेळा माणसांचे तास विकते. ज्या तासाचं बिल ग्राहकाला लागत नाही, तो तिच्यासाठी खर्चच. जून २०२५ मध्ये टीसीएसनं वर्षाला किमान २२५ दिवस बिलिंगचे आणि बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस, असा नियम केला. पुढच्याच महिन्यात सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर झालं. बेंचचे दिवस विश्रांतीचे नाहीत, शिकण्याचे आहेत.

‘बॉण्ड म्हणजे नुसता कागद’ किंवा ‘बॉण्ड म्हणजे बेडी.’
बॉण्ड म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याचा करार. दोन्ही मतं चूक, आणि सगळ्यात जास्त भीती इथंच असते. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करण्यावर सरसकट बंदी घालणारं कलम १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ नुसार टिकत नाही. ठरलेली मुदत पूर्ण करण्याची अट मात्र वेगळी. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांची अट आणि ती मोडल्यास दोन लाख रुपये, हा करार वैध ठरवला. तरीही कोणालाही जबरदस्तीनं कामावर ठेवता येत नाही. वाद उरतो तो पैशांचा, आणि त्याच करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवीच हवी, लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. म्हणून सही करण्याआधी रक्कम, मुदत आणि नोटीस पिरियड या तिन्ही ओळी आईवडिलांसमोर मोठ्यानं वाचा. मूळ गुणपत्रिका कंपनीकडे ठेवू नका. दाखवा, प्रत द्या आणि घरी घेऊन या.