नळीला वळण

डोंबिवलीत किंवा कल्याणात एखाद्या नव्या इमारतीचे काम चालू असले, म्हणजे विजेच्या तारा ओवण्यासाठी प्लॅस्टिकच्या नळ्या भिंतीतून नेत असलेला वायरमन दृष्टीस पडतो. कोपरा आला की तो नळीत एक लांब स्प्रिंग सरकवितो, नळी गुडघ्यावर टेकवून हलकेच वाकवितो आणि मग स्प्रिंग ओढून काढतो. नळी सुरेख गोलाईने वळलेली असते. पाहणाऱ्यास हा पोरखेळ वाटतो. परंतु स्प्रिंग न घालता तीच नळी वाकवू गेल्यास ती मध्येच मुडपते. आणि एकदा मुडपलेली नळी कितीही सरळ केली, तरी त्या जागी ती कायमची अधू होते.

विमानांच्या लहान प्रतिकृती तयार करणाऱ्यांपुढे हाच प्रश्न फार बारीक प्रमाणावर उभा राहतो. कल्याणजवळ नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खऱ्या विमानांसाठी धावपट्टी बांधली गेली होती. छोट्या विमानाला मात्र एवढा खटाटोप लागत नाही. मोकळे मैदान पुरते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेतील विद्यार्थी अशी विमाने स्वतः बनवितात व उडवितातही. त्यांतील काही विमानांना विजेची मोटर असते, तर काहींना सुपारीएवढ्या पोकळीचे खरेखुरे इंजिन असते. या इंजिनाचे इंधन म्हणजे मेथॅनॉल नावाचा विषारी मद्यार्क. त्यात वंगण म्हणून पुष्कळदा एरंडेल मिसळतात. घरोघरी मुलांना नकोसे वाटणारे एरंडेल येथे असे मानाने मिरविते!

हे इंधन एका चिमुकल्या टाकीत असते. टाकीच्या तोंडाला रबरी बूच असून त्यातून सुमारे ३ मिलिमीटर जाडीच्या पितळी नळ्या आत जातात. एका नळीतून इंधन इंजिनाकडे जाते. दुसरी नळी आत शिरताच वर वळून टाकीच्या छतापाशी पोचते. इंधन जसजसे कमी होते, तसतशी तिच्यातून हवा आत येते. ही दुसरी नळी वळताना मुडपली तर काय होईल? हवेची वाट अडेल, टाकीत निर्वात होऊ लागेल आणि टाकीत इंधन असूनही ते इंजिनापर्यंत पोचणार नाही. जमिनीवर इंजिन कदाचित नीट चालेल. परंतु वर गेल्यावर ते अचानक बंद पडेल. मग दोन महिन्यांच्या मेहनतीचे विमान जमिनीवर आदळावयास किती वेळ लागणार? शिवाय खाली माणसे उभी असतात, ही गोष्ट त्याहून गंभीर आहे.

नळी मुडपते कां, हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते. ३ मिलिमीटर जाडीची नळी अशी काटकोनात वळवावयाची आहे, की तिच्या मध्यरेषेची त्रिज्या १० मिलिमीटर राहील. वळणाच्या भागात मध्यरेषेची लांबी सुमारे पावणेसोळा मिलिमीटर भरते. बाहेरच्या कडेला मात्र १८ मिलिमीटर लांबी लागते आणि आतल्या कडेला साडेतेरापेक्षाही थोडी कमी. म्हणजे एकाच नळीची एक बाजू ताणली गेली पाहिजे व दुसरी आखडली पाहिजे. ताणलेली बाजू जवळचा मार्ग शोधीत पोकळीकडे सरकते. आखडलेली बाजूही फुगवटा धरून पोकळीकडेच येते. भरीव सळईत दोन्ही बाजूंना आतून आधार असतो, नळीत तो नसतो. म्हणून नळी प्रथम चपटी होते. चपटी झालेली नळी वाकण्याला कमी विरोध करते. त्यामुळे पुढचे सारे वाकणे त्याच एका जागी गोळा होते आणि क्षणात तेथे घडी पडते.

यावर उपाय दोन आहेत: धातू मऊ करणे आणि पोकळीला आधार देणे.

कारखान्यात पितळी नळी ओढून ओढून बारीक केलेली असते. त्या ओढाताणीने धातूच्या अंतर्गत कणांची रचना बिघडून तो ताठर बनतो. नळी मंद लाल होईपर्यंत तापवून आपोआप निवू दिली, की कणांची रचना नव्याने होते व पितळ मऊ पडते. बारीक नळी पाहता पाहता वितळते, म्हणून हे काम अंधूक उजेडात व जाणत्या माणसाच्या हातून व्हावे. ॲल्युमिनिअमची गोष्ट निराळी. ते ६६० अंशांना वितळते, आणि त्याआधी लाल होऊन सूचना देण्याची त्याला सवय नाही! यासाठी कारागीर त्याच्यावर कोरडा साबण घासतात. साबण काळपट झाला की ज्योत बाजूला करतात.

आता आधार. लोहार व जोडारी पूर्वापार नळीत वाळू ठासून भरीत आले आहेत. मुंब्रा, कल्याण व डोंबिवली येथील रेतीबंदरांची नावे खाडीच्या रेतीवरूनच पडली. पण खाडीची रेती या कामाची नव्हे. तिच्यातील मीठ हवेतली ओल धरते. ओली वाळू भरून नळी तापविली, तर आत वाफ कोंडते आणि तोंडाचा खुंटा बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. म्हणून बारीक चाळलेली वाळू तव्यावर परतून घ्यावी लागते, आणि नळी थंड असतानाच भरून थंडच वाकविणे अधिक श्रेयस्कर. पितळी वाद्ये घडविणारे काही कारागीर नळीत साबणाचे पाणी भरून ते गोठवितात, मग नळी वळवितात. साबणामुळे बर्फ ठिसूळ न राहता थोडा लवचीक होतो आणि शेवटी आपोआप वितळून जातो. किती साधी युक्ती!

इंधनाच्या नळीत मात्र वाळूचा एक कण जरी मागे राहिला, तरी तो इंजिनाच्या सूक्ष्म छिद्रात अडकतो. म्हणून तीत वाळूऐवजी नेमकी मावणारी नायलॉनची जाड दोरी घालतात, किंवा नळी बाहेरून घट्ट बसणाऱ्या स्प्रिंगमध्ये सरकवितात. बाहेरची स्प्रिंग आतल्या पोकळीला आधार कशी देते, असा प्रश्न पडेल. नळी चपटी होताना आडवी पसरते. स्प्रिंग तिला पसरू देत नाही, म्हणून ती चपटीही होऊ शकत नाही. रेफ्रिजरेटर दुरुस्त करणारे कारागीर तांब्याची नळी अशाच स्प्रिंगने वळवितात.

वळण नळीच्या जाडीच्या तिप्पट त्रिज्येपेक्षा आवळ असू नये. नळी लागते त्याहून लांब घेऊन आधी वाकवावी व मग कापावी. आखूड तुकड्याला हाताची पकडच मिळत नाही. खाचेच्या लाकडी चकतीभोवती ती थोडी थोडी वाकवीत न्यावी. मध्येच ती ताठर वाटली तर नेट लावू नये. आतली दोरी व बाहेरची स्प्रिंग काढून तिला पुन्हा तापवावे व निवू द्यावे. काटकोन हवा असेल तर काटकोनाच्या किंचित पुढे जावे लागते, कारण हात सोडताच धातू थोडा मागे येतो. किती मागे, हे प्रत्येक नळीचे वेगळे असते. एखादा तुकडा वाया घालवूनच ते कळते.

नळी तयार झाली की तिची टोके कानसून साफ करतात आणि तीतून स्वच्छ पाणी सोडून तेवढ्याच लांबीच्या सरळ नळीशी धार ताडून पाहतात. दोन्ही धारा सारख्या दिसल्या, की नळी बुचात बसवितात. वर वळलेले टोक टाकीच्या छताला टेकू न देता तेथे किंचित फट ठेवावी लागते. नाहीतर उत्तम वळलेल्या नळीचे तोंड टाकीच्या छतानेच बंद होते.